फावड्याची राणी

"आजोबा, फावड्याची राणी म्हणजे कोण हो?"

शेजारच्या ओवीने टॅबलेट माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर इस्पिकची राणी नेहमीच्या रुबाबात बसली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, 'तुम्ही फावड्याची राणी खेळलात. अद्भुत!' लगेच फटाके फुटले, मोहरांचा ढीग पडला आणि कुणा बाईने खोट्या आनंदाने टाळ्या वाजवल्या.

"अजून काय काय आहे, वाच बघू."

"मंडळाचा गुलाम आहे. हृदयाची सत्ती आहे. हिऱ्याचा एक्का आहे. आणि इथे लिहिलंय, 'कृपया डेक हलवा.'"

"हलव मग."

नऊ वर्षांच्या ओवीने टॅबलेट गदागदा हलवला. कानाशी नेऊन पुन्हा हलवला.

"काहीच होत नाही हो, आजोबा."

मी इतका हसलो की माझी बायको शैला लाटणं हातात घेऊन बाहेर आली. तिला वाटलं, मला ठसका लागला.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, अमळनेरची. शाळेतून निवृत्त झाल्यावर एका दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत मी 'पटावरून' नावाचं सदर लिहीत होतो. मोबाईलवरचे पत्त्यांचे, पटाचे आणि डावपेचांचे खेळ मी तपासायचो. आयुष्यभर गणिताचे पेपर तपासले तसेच, फक्त इथे नापास करताना वाईट वाटत नसे. एका खेळात राज्य उभारायचं होतं. भिंत बांधायला चार तास थांबा, नाहीतर पैसे भरा, असं तो सांगायचा. मी लिहिलं, आमच्या गल्लीतला गवंडीही असाच वागतो, पण तो निदान चहा पिताना दोन गोष्टी बोलतो. एका बुद्धिबळात आपण चुकायच्या आतच यंत्र बरोबर खेळी दाखवायचं. मूल चुकलंच नाही, तर ते शिकणार काय, कपाळ?

मुलांच्या बाबतीत मात्र मी फार सबुरीचा माणूस. एकच गोष्ट दहा वेळा समजावून सांगायचा मला कधी कंटाळा आला नाही. चौतीस वर्षांत एकाही पोरावर हात उगारला नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगत असे.

'पत्ते दरबार' नावाच्या त्या खेळाचं परीक्षण मी त्याच दुपारी एका बैठकीत लिहून काढलं. बुधवारी पाठवायचं होतं. रात्री जेवताना शैलाला वाचून दाखवलं तर ती तीनदा हसली. ती सहसा एकदाही हसत नाही.

सोमवारी दुपारी चारच्या सुमाराला एक बाई फाटकात उभी राहिली. पस्तिशीची, खांद्याला कापडी पिशवी.

"वाणी सर, ओळखलंत का? मी ज्योत्स्ना. सातवी ब. चौऱ्याण्णवची बॅच. माहेरची शिंपी, आता बडगुजर."

"अरे वा, ज्योत्स्ना! ये ये," मी म्हटलं. मला ती अजिबात आठवत नव्हती. मास्तरांना हे खोटं बोलावंच लागतं.

शैलाने पाणी दिलं. ज्योत्स्ना ओट्यावरच्या खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "सर, मी तुमचं सदर दर शनिवारी वाचते. खाली लिहिलं होतं, पुढच्या वेळी 'पत्ते दरबार'. ते लिहून झालं का?"

"झालं? अगं, नुसतं झालं नाही, जमलंय! ऐकतेस?"

लिहिणाऱ्या माणसाला असं विचारू नये. मी चष्मा लावला आणि सुरू केलं.

"'या खेळात राजा फावड्याचा आहे. म्हणजे त्याला दरबारात न बसवता रोजगार हमीच्या कामावर पाठवायला हवं. गुलाम मंडळाचा आहे. कुठल्या मंडळाचा, गणेशोत्सव मंडळाचा की वीज मंडळाचा, याचा खुलासा नाही. ज्या महाभागाने हे मराठी केलं, त्याने जन्मात पत्त्यांचा कॅट पाहिलेला नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चार शब्द ज्या घरात पोचले नाहीत, त्या घरात मराठी तरी पोचली आहे का, अशी शंका येते. असल्या माणसाने भाषांतर करण्यापेक्षा खरंच हातात फावडं घ्यावं.'"

मी वर पाहिलं. ज्योत्स्ना हसत नव्हती. पिशवीतून वही काढून ती लिहून घेत होती.

"इस्पिक, बदाम, चौकट... आणि चौथं काय म्हणालात, सर?"

"किलवर."

"ऱ्हस्व कि?"

"हो. पण तू का लिहून घेतेस?"

तिने पेनाला टोपण लावलं. "सर, ते महाभाग मीच."

आत शैलाने वाजणारी भांडी थांबवली.

मग ज्योत्स्नाने सगळं सरळ सांगितलं. तिची शाळेतली कंत्राटी नोकरी एप्रिलमध्ये संपली होती. हे घरी बसून करायचं भाषांतराचं काम महाप्रयासाने मिळालं होतं. 'पत्ते दरबार' हा पहिला खेळ, त्याच्या मागे आणखी चार रांगेत होते. पण पहिल्याच आठवड्यात लोकांनी मराठीची टर उडवली. कंपनीने तिला गुरुवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. तोवर सगळं सुधारून द्यायचं. नाही जमलं, तर पुढचे चारही खेळ दुसऱ्याला.

"मी शब्दकोशात पाहिलं होतं, सर. स्पेड म्हणजे फावडं. क्लब म्हणजे मंडळ."

"शब्दकोशात! अगं, पोरांना विचारायचं. घरात कुणाला विचारायचं. पत्ते काय शब्दकोशात असतात?"

"ते छापू नका, असं म्हणायला मी नाही आले," ती म्हणाली. "चूक आहे तर छापा. फक्त गुरुवारच्या आत मला सगळं समजावून सांगा. तुम्ही फार छान समजावता."

माझ्या तिरस्काराचं असं आहे, की तो कागदावर भरभरून वाहतो आणि समोर शिकायला कोणी बसलं की आटतो. पूर्ण नाही, थोडा. मी आत जाऊन कपाटातून पत्त्यांचा कॅट आणला.

"हे बघ. हे इस्पिक. काळं, खाली देठ. हे किलवर, तीन पाकळ्या. डेक हलवायचा नसतो, पत्ते पिसायचे असतात. असे. आता तू पिस."

मी कॅट तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"तुम्हीच पिसा, सर. मी बघते."

"बघून काय येणार? घे."

"नको. मी हात नाही लावत. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

मी पिसले, वाटले, चारही हात उघडे मांडून एकटाच बदाम सात खेळून दाखवला. ती लिहीत होती. ओळीखाली ओळ, समासासकट. तिची वही पाहिली असती तर कुठल्याही मास्तराने शाबासकी दिली असती. पण प्रश्न असे विचारायची, की मला फेस येत होता.

"सर, 'पान दाबणं' म्हणजे पान जमिनीवर दाबायचं का?"

"नाही गं. हातात पान असून टाकायचं नाही, पास म्हणायचं. दुसऱ्याची अडवणूक करायची."

"पण नियमात तर लिहिलंय, पान असलं तर टाकावंच लागतं."

"लागतंच."

"मग?"

"मग काय? नियम तो नियम, आणि दाबणं ते दाबणं."

तिने पेन थांबवलं. "हे मला कळलं नाही, सर."

"कसं कळेल? वहीत पोहायला शिकतेयस तू. एक डाव खेळ, आपोआप कळेल."

"नको, सर."

आता मात्र माझा संयम सुटत चालला. मला वाटलं, ही त्यातली, पत्ते म्हणजे पाप मानणारी. असल्या माणसांची मला चीड आहे. रात्रभर मोबाईलवर खोट्या मोहरा गोळा करतील, पण पत्त्यांचा कॅट दिसला की नाक मुरडतील.

"पत्त्यांचं सोवळं पाळतेस की काय? सासरी चालत नाही?"

"सासरी सगळे खेळतात. गणपतीत पहाटेपर्यंत खेळतात. मी चहा ठेवून लगेच आत निघून जाते."

"मग माहेरी कुणाला जुगाराचा नाद होता?"

"छे. वडील कपडे शिवायचे. त्यांना वेळच नसायचा."

"मग आहे तरी काय? बाई, तुझं काम जाईल या हट्टापायी. गुरुवार तीन दिवसांवर आलाय. देवाची शपथ घेतलीयस का?"

"देवाची नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमची, सर."

"माझी? कधी?"

"सातवीत. आमच्या वर्गातली मुलं पाण्याच्या टाकीमागे पत्ते खेळताना सापडली होती. मुख्याध्यापक छडी घेऊन वर्गात आले, तर तुम्ही त्यांना परत पाठवलंत. म्हणालात, मी माझ्या मुलांना मारणार नाही आणि मारू देणार नाही. मग आम्हाला उभं केलंत. म्हणालात, ज्याला ज्याला मी आवडतो, त्याने माझ्या गळ्याची शपथ घ्या, की पत्त्याला हात लावणार नाही. सगळ्यांनी गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली. तुमच्या गळ्याशप्पथ."

मला टाकी आठवली. छडी आठवली. शपथ आठवायला आणखी थोडा वेळ लागला. ती युक्ती मी त्या वर्षांत बऱ्याच वर्गांवर वापरली होती. कॉपी करणार नाही, शेंगा खाणार नाही, उशिरा येणार नाही. छडीपेक्षा सुटसुटीत, आणि वळही उठत नाही.

"अगं, पण ते... किती वर्षं झाली?"

"चोवीस."

"आणि बाकीच्यांनी पाळली ती शपथ?"

"बाकीचे दुसऱ्याच दिवशी टाकीमागे होते. मी बघितलं ना. अनिल मला म्हणाला, सर मरत नाहीत गं, काल रात्रीच पाहिलं खेळून."

शैला दारात आली होती. पदराला हात पुसत तिने विचारलं, "चौऱ्याण्णव साल, म्हणजे आपण कोठावदेंच्या वाड्यात भाड्याने होतो तेव्हा?"

"त्याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं.

"रोज शाळेतून आलात की खाली कोठावदेंकडे मेंढीकोट खेळायला बसायचात. हाका मारून घसा दुखायचा माझा. शपथ घातलीत, त्या दिवशी काय उपास केलात पत्त्यांचा?"

ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. मी शिकवलेल्या मुलीने मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जाब विचारला होता आणि तोही न बोलता. मला उत्तर माहीत होतं. त्या संध्याकाळी मी पोरांची गोष्ट कोठावदेंना रंगवून सांगितली होती, न मारता कसं जिंकलं म्हणून. आणि चारही दश्शा आमच्याकडे आल्या होत्या.

"एकदाच चुकले मी," ज्योत्स्ना खाली बघत म्हणाली. "दोन हजार अकराला. नणंदेच्या लग्नात पोरं खेळत होती. पाहुणे आले म्हणून पळाली आणि जाताना माझ्या हातात पत्ते कोंबले. मी घेऊन उभी राहिले, दोन मिनिटं असेल. आठवड्याने कळलं, वाणी सरांना ॲटॅक आला, धुळ्याला नेलंय. मी आले होते, सर, दवाखान्यापर्यंत. आत यायची हिंमत झाली नाही."

मी समोरचं परीक्षण उचललं, घडी घातली आणि आत नेऊन कपाटात टाकलं. तेवढं करायलाही मला जड गेलं, हे कबूल करतो. इतकं चांगलं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

"ते सिगारेटने झालं होतं," शैला म्हणाली. "तुझ्याने नाही."

"बरं, ते जाऊ दे," मी म्हणालो. "आता ती शपथबिपथ विसर आणि पत्ते पिस."

ज्योत्स्नाचे हात मांडीखालीच होते. "अशी नाही जात, सर. तुम्ही घातली, तुम्हीच सोडवायची. सुटली म्हणा."

"काय पोरखेळ चालवलाय हा?"

"म्हणा हो," शैला म्हणाली. "घातलीत तेव्हा नाही वाटला पोरखेळ? नीट म्हणा. गळ्याला धरून."

चौसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या ओट्यावर, रस्त्याने लोक येत-जात असताना, मी गळ्याची कातडी चिमटीत धरली.

"सुटली."

"तीनदा, सर."

"सुटली, सुटली, सुटली."

ज्योत्स्नाने हात बाहेर काढले, साडीला पुसले आणि कॅट उचलला. पिसायला गेली तर अर्धे पत्ते खाली. ते गोळा करताना ती इतक्या हळू एकेक उचलत होती, जणू प्रत्येकाला काही दुखत असेल. चौथा भिडू म्हणून मी ओवीला हाक मारली.

ओवीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "मावशी, असे नाही धरायचे. पंखा करायचा पंखा. आणि खाली धरू नका, आजोबा डोकावतात."

"मी कधी डोकावलो गं?"

"नेहमी."

आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो. मंगळवारी पुन्हा, बुधवारी पुन्हा. ज्योत्स्ना प्रत्येक डाव हरली. तिच्या हातात टाकण्याजोगं पान आलं की ती ते लगेच टाकायची, मग त्याने समोरच्याचे तीन रस्ते मोकळे होवोत. पास म्हणायची तेव्हा स्वतःचे सगळे पत्ते उघडून दाखवायला तयार.

"मावशी, दाबा ना एखादं," ओवी वैतागून म्हणायची.

"पण आहे ना माझ्याकडे."

"म्हणून तर दाबायचं!"

वहीत मात्र ती दिवसेंदिवस पुढे जात होती. पिसणे, वाटणे, उतारी, हुकूम, हात, कापणे. 'डेक हलवा' गेलं. फावड्याची राणी गेली. गुरुवारी संध्याकाळी सहाला तिने सगळं पाठवलं.

परीक्षण मी बुधवारी रात्री नव्याने लिहिलं. खेळाला सोडलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्या बाईची, मोहरांची, दर दोन डावांनंतर येणाऱ्या साबणाच्या जाहिरातीची मी यथेच्छ वाट लावली. आणि शेवटी लिहिलं, 'या खेळातल्या पहिल्या मराठीवर वाचक हसले. मीही हसलो. ती चूक भाषांतर करणारीची नव्हती. चोवीस वर्षांपूर्वी एका मास्तराने वर्गाला पत्त्यांपासून दूर राहायची स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आणि स्वतः मात्र खेळत राहिला. वर्गात एक मुलगी खरोखर ऐकणारी निघाली. तो मास्तर मी. मराठी आता सुधारली आहे. बाकी खेळ कंपनीने सुधारावा, त्यात माझा हात नाही.'

संपादकांचा फोन आला. "सर, आधी फोनवर वाचून दाखवलेलं फावड्याचं काय झालं? ते फक्कड होतं हो!"

"होतं," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी सकाळी ज्योत्स्ना आली ती पायऱ्या दोन-दोन चढत.

"सर, कंपनीतून फोन आला होता. म्हणाले, तुमच्या त्या वाणींनी आमच्या खेळाचं पार वाटोळं केलंय, पण भाषेला नाव ठेवायला जागा नाही. चारही खेळ मलाच दिलेत!"

"पहिला कुठला?"

"भिंत बांधायचा."

"चार तास लागतात त्याला," मी म्हणालो. "बस. एक डाव टाकू."

ओवी होतीच. शैलाने वाटप केलं. माझ्या हातात इस्पिकची नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा असे पाचही ओळीने आले. सत्ती खाली पडलेली. फक्त अठ्ठी पडायची होती, की माझी पूर्ण रांग सुटणार. अठ्ठी पडेना. एक फेरी झाली, दोन झाल्या.

"अठ्ठी कोणाकडे आहे?" मी विचारलं. "शैला?"

"माझ्याकडे नाही."

"ओवी?"

"आईशप्पथ नाही, आजोबा."

"ज्योत्स्ना?"

"पास," ज्योत्स्ना म्हणाली.

"पास काय? अठ्ठी आहे का तुझ्याकडे?"

"नाही, सर."

"नक्की?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अगदी शांत, दुसऱ्या बाकावरून फळ्याकडे बघावं तसं. मग पत्त्यांचा पंखा छातीशी धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्या गळ्याला चिमटा धरला.

"तुमच्या गळ्याशप्पथ, सर."

ती खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. आणखी तीन फेऱ्या झाल्या. माझे पाच पत्ते हातातच राहिले. ओवीकडे दोन उरले, शैलाकडे तीन आणि ज्योत्स्नाकडे एक.

तिने तो उचलला, सत्तीशेजारी हलकेच ठेवला आणि डाव जिंकला. इस्पिकची अठ्ठी.

ओवी किंचाळली. शैला भिंतीला टेकून हसायला लागली. मी गळ्याला हात लावून पाहिला आणि म्हणालो, "आता आलं तुला."